गोळीनं पडदा वाचतो का?

प्रश्न : आम्ही चिखलदऱ्याचे. बाबांचं वय ५८, शुगर अकरा वर्षांपासून आहे. मागच्या महिन्यात परतवाड्याच्या शिबिरात त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, ‘पडद्यावर शुगरचा परिणाम सुरू झाला आहे, सध्या मध्यम आहे. लेसरची गरज नाही. शुगर सांभाळा, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.’ बाबांचं एकच म्हणणं, ‘मले तं सारं दिसते, मंग कायले घाट उतरायचा?’ मला मात्र झोप लागत नाही. सहा महिने नुसतं बसून राहायचं का? आजार आहे तिथंच थांबवणारी एखादी गोळी नाही का? मावसभाऊ म्हणतो की कोलेस्टेरॉलची एक गोळी डोळ्यांसाठीही देतात. ते खरं का? डॉक्टरांनी इन्सुलिनचंही सुचवलं आहे, पण सुई सुरू झाली की डोळे जातात असं गावात सगळेच सांगतात. काय करावं?
— एक वाचक, चिखलदरा

उत्तर : तुमच्या मावसभावाचं म्हणणं खरं आहे. त्या गोळीचं नाव फेनोफायब्रेट. ती हा आजार जागच्या जागी थांबवत नाही, पण त्याची चाल मंद करते. दवाखाना हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरातल्या माणसापेक्षा चिखलदऱ्यातल्या माणसाला या मंद चालीचा उपयोग जास्त आहे, असं माझं मत आहे. गोळीकडे मी सविस्तर येतोच. पण सुरुवात बाबांपासून करू, कारण त्यांना पटलं नाही तर कुठलीच गोळी पोटात जाणार नाही.

त्यांना सारं दिसतं, हे अगदी खरं असणार. आपण अक्षर वाचतो, माणूस ओळखतो, सुईत दोरा ओवतो ते पडद्याच्या मधल्या काही मिलिमीटरच्या भागानं. त्याला मॅक्युला म्हणतात. शुगरचा परिणाम बहुतेक वेळा त्याच्या आजूबाजूच्या, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत सुरू होतो. मधला भाग सुजेपर्यंत किंवा डोळ्याच्या पोकळीत रक्त उतरेपर्यंत माणसाला काही कळत नाही. डोळा दुखत नाही, खुपत नाही, लालही होत नाही.

घाट उतरून तुम्ही परतवाडा-अचलपूरच्या बाजूला आलात की संत्र्याच्या बागा लागतात. बाबांना तिथलं ठिबक दाखवून समजावता येईल. नळीतून वर्षानुवर्षं खारट, गाळाचं पाणी गेलं की काय होतं? काही ठिकाणी नळी फुगते, सांध्यातून पाझरायला लागते. काही ठिकाणी ती चोंदते आणि पुढच्या झाडापर्यंत पाणीच पोचत नाही. डोळ्याच्या पडद्यात हेच घडतं. वाढलेली साखर बारीक वाहिन्यांच्या भिंतीला आधार देणाऱ्या पेशी मारते. मग तिथे इवलेसे फुगवटे येतात, त्यातून रक्तातलं पाणी आणि चरबी झिरपते आणि पडद्यावर पिवळे डाग दिसतात. पुढे वाहिन्या बंद पडू लागल्या की पडद्याचे तुकडे प्राणवायूवाचून उपाशी राहतात. उपाशी पडदा एक रसायन सोडतो, त्याला व्हीईजीएफ म्हणतात. त्याच्या हाकेनं नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या कच्च्या असतात की एखाद्या दिवशी आपसूक फुटतात. मग रात्री नीट दिसत असलेला माणूस सकाळी उठतो तो डोळ्यापुढे काळं जाळं घेऊन.

बाबा आज पाझरण्याच्या टप्प्यावर आहेत. नव्या वाहिन्या अजून फुटलेल्या नाहीत. त्यांना सांगा, दिसतंय तोवरच घाट उतरायचा, कारण या आजारात गेलेली नजर परत आणण्यापेक्षा असलेली राखणं कितीतरी सोपं आहे.

आता गोळीची गोष्ट. ती थोडी मागे जाऊन सांगावी लागेल.

फेनोफायब्रेट १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये आली, ती रक्तातली चरबी, विशेषतः ट्रायग्लिसराइड, उतरवायला. तिच्याच कुळातलं आधीचं औषध क्लोफायब्रेट. ते दिल्यावर मधुमेह्यांच्या पडद्यावरचे पिवळे डाग कमी होतात, हे १९६८ च्या सुमारासच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. डाग कमी झाले तरी नजर सुधारत नव्हती, त्यामुळे विषय मागे पडला. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिनलंड या देशांत ९,७९५ मधुमेह्यांवर ‘फील्ड’ नावाची मोठी चाचणी झाली. प्रश्न हृदयाचा होता : फेनोफायब्रेटनं हृदयविकार टळतो का? २००५ मध्ये उत्तर आलं ते निराशाजनक. मुख्य कसोटीवर गोळी उतरली नाही. पण त्याच माणसांच्या डोळ्यांचा हिशेब २००७ मध्ये मांडला गेला, तेव्हा दिसलं की नुसती साखरगोळी, म्हणजे तुलनेसाठी दिलेली औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांपैकी ४.९ टक्के लोकांना पडद्यावर लेसर करावं लागलं, तर फेनोफायब्रेट घेणाऱ्यांत ३.४ टक्क्यांना. फरक जवळपास एक तृतीयांशाचा. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ‘अकॉर्ड’ चाचणीतही तसंच घडलं : चार वर्षांत आजार पुढे सरकला तो गोळीविना १०.२ टक्क्यांचा, गोळीसह ६.५ टक्क्यांचा. तिथेही हृदयाच्या बाबतीत मुख्य फायदा दिसला नव्हताच. ऑस्ट्रेलियानं २०१३ मध्ये टाइप २ मधुमेहातल्या पडद्याच्या आजारासाठी या गोळीला अधिकृत मान्यता दिली.

तरी जगभरचे डॉक्टर कचरत राहिले आणि त्यांचं कचरणं रास्त होतं. हृदयासाठी आखलेल्या चाचणीत डोळ्याचा फायदा जाता जाता सापडला, तर तो योगायोगही असू शकतो. डोळ्यासाठीच आखलेली चाचणी हवी होती. ती स्कॉटलंडमध्ये झाली. तिचं नाव ‘लेन्स’, निकाल २०२४ चा. पडद्यावर सुरुवातीचा ते मध्यम परिणाम दिसणारी १,१५१ माणसं तीत होती. म्हणजे थेट तुमच्या बाबांसारखी. सुमारे चार वर्षांत साखरगोळी घेणाऱ्यांत दर शंभरातल्या २९ जणांचा आजार तज्ज्ञाकडे पाठवण्याइतका किंवा उपचार करण्याइतका वाढला. फेनोफायब्रेट घेणाऱ्यांत तो २३ जणांचा वाढला. मॅक्युलाची सूज तर जवळपास निम्म्यावर आली : ७.५ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर.

हे आकडे नीट पाहा. शंभर जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर सहा-सात जणांचा आजार वाढायचा वाचला. २३ जणांचा गोळी घेऊनही वाढला. त्या चार वर्षांत प्रत्यक्ष नजरेत, म्हणजे तक्त्यावरची अक्षरं वाचण्यात, दोन गटांत फरक दिसला नाही. त्यामुळे ‘गोळी सुरू आहे, आता डोळे तपासायला नको’ असं कुणी म्हणत असेल तर तो या अभ्यासाचा अगदी उलटा अर्थ काढतो आहे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट ‘अकॉर्ड’च्या लोकांकडून कळली. चाचणी संपून गोळी बंद झाल्यावर काही वर्षांनी त्यांना पुन्हा तपासलं, तेव्हा गोळीचा फायदा उरलेला नव्हता. ज्यांनी त्या काळात शुगर कडक सांभाळली होती, त्यांचा फायदा मात्र नंतरही टिकून होता. गोळीचा गुण गोळी चालू असेपर्यंत. सांभाळलेल्या शुगरची पुण्याई पुढे बरीच वर्षं पुरते.

मग चिखलदऱ्याला तिचा उपयोग जास्त का म्हणतो? स्कॉटलंडमधली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे बारा वर्षांवरच्या प्रत्येक मधुमेह्याला बोलावून डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढण्याची सरकारी व्यवस्था आहे. चाचणीतल्या गोळ्या लोकांना टपालानं घरी गेल्या, विचारपूस फोनवर झाली आणि डोळ्यांचा निकाल त्या नेहमीच्या फोटोंमधून मिळाला. रोज एक गोळी आणि ठरल्या वेळी फोटो. लेसरचं यंत्र डोंगरावर आणता येत नाही, डोळ्यात इंजेक्शन देणारा तज्ज्ञ दर महिन्याला वर येत नाही. पण गोळी येऊ शकते. परतवाडा तीसेक किलोमीटर, अमरावती ऐंशीच्या वर, आणि मध्ये घाट. पावसाळ्यात दरड आली तर तोही बंद. अशा ठिकाणी लेसरची वेळ चार वर्षांऐवजी सहा वर्षांनी आली, तर ती दोन वर्षं फार मोलाची आहेत. आपल्याकडे या गोळीचा हा उपयोग पुरेसा होत नाही, असं मला वाटतं; निदान ज्यांचा परिणाम सुरुवातीचा किंवा मध्यम आहे, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न डॉक्टरांपुढे निघायलाच हवा.

तो तुम्ही काढा. फेनोफायब्रेट आपल्याकडे मुख्यतः चरबीसाठी दिली जाते, १४५ आणि १६० मिलिग्रॅममध्ये मिळते. पण मेडिकलमधून परस्पर आणून सुरू करू नका. आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या करा. मूत्रपिंड फार कमजोर असेल, यकृताचा आजार असेल, पित्ताशयात खडे असतील तर ही गोळी चालत नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना तर नाहीच. मूत्रपिंड थोडंच कमजोर असेल तर ‘लेन्स’मध्ये ती एक दिवसाआड दिली होती. गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं. बहुतेकांत ते गोळी थांबवली की उतरतं, पण डॉक्टरांना हे आधी माहीत असलं तर विनाकारण धावपळ होत नाही. स्नायू खूप दुखू लागले, लघवी गडद झाली, पोटात वरच्या बाजूला तीव्र कळ आली, एक पाय अचानक सुजला किंवा धाप लागली, तर गोळी थांबवून लगेच दाखवा. असं क्वचित होतं, पण होतं. बाबा कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेत असतील तर ती फेनोफायब्रेटबरोबर देता येते. मात्र फायब्रेट कुळातलंच जेमफायब्रोझिल आणि स्टॅटिन एकत्र नको. म्हणून सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. नावं तोंडपाठ सांगण्यापेक्षा ते बरं.

आता शुगर आणि बीपी. हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, म्हणून नेहमीचं सांगत नाही. बीपीचं मात्र एक सांगतो, कारण डोळ्यांच्या संदर्भात त्याच्याकडे फार दुर्लक्ष होतं. ब्रिटनमध्ये १,१४८ मधुमेह्यांवर झालेल्या अभ्यासात, त्याचा निकाल १९९८ चा, एका गटाचं सरासरी बीपी १५४/८७ राहिलं आणि दुसऱ्याचं १४४/८२. वरच्या आकड्यात फक्त दहाचा फरक. तेवढ्यानं पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं आणि नजर खालावण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. फेनोफायब्रेटच्या अभ्यासात नजरेचा फरक दिसला नव्हता, इथे दिसला. म्हणून बाबांची बीपीची गोळी ‘चक्कर येत नाही, मग कशाला’ म्हणून सुटत असेल, तर आधी ती सुरू करा, मग नव्या गोळीचं बोला. तिसावं वर्ष ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर गावाजवळच्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात मोजण्याची सरकारी सोय आहे. त्यासाठी घाट उतरायला लागत नाही.

शुगरच्या बाबतीत तुमच्या मेळघाटातल्या माणसांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीए१सी तपासणी हिमोग्लोबिनवर होते. विदर्भात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकल सेल आहे. सिकल सेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला त्यांना पुरेसा वेळच मिळत नाही आणि अहवालातला आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. माणूस समजतो शुगर ताब्यात आहे, आणि डोळा मात्र बिघडत जातो. लोहाच्या कमतरतेत हाच आकडा उलट जास्त येऊ शकतो. घरात कुणाला सिकल सेल असेल, किंवा बाबांचं हिमोग्लोबिन कमी असेल, तर ते डॉक्टरांना सांगा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची शुगर नियमित मोजत राहा. कमी हिमोग्लोबिन पडद्यालाही वाईटच. आधीच उपाशी असलेल्या भागाला प्राणवायू आणखी कमी पोचतो.

तुमच्या इन्सुलिनच्या भीतीवर मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण ती नुसती अफवा नाही. तिच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत. पहिली ही, की आपल्याकडे इन्सुलिन फार उशिरा सुरू होतं. दहा-पंधरा वर्षं गोळ्या, मग गोळ्या वाढवणं, मग ‘सुई नको’ म्हणून आणखी दोन वर्षं. तोवर पडदा बिघडलेला असतो. सुई सुरू होते आणि त्याच वर्षी नजर जाते. गावाला सुई दिसते, आधीची बारा वर्षं दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट खरोखर वैद्यकीय आहे. फार चढलेली शुगर एकदम खाली आणली, तर आधीच दुखावलेला पडदा सुरुवातीचे काही महिने जास्त बिघडू शकतो. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ दरम्यान टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यात कडक नियंत्रण ठेवलेल्या गटात पहिल्या वर्षाच्या आत पडदा बिघडलेले १३.१ टक्के होते, सैल गटात ७.६ टक्के. इथेच थांबलं तर गावाचं म्हणणं बरोबर वाटेल. पण पुढची वर्षं पाहा : त्याच कडक गटात ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते, त्यांच्यात नवा आजार होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी झालं, आणि ज्यांना तो आधीच होता त्यांच्यात तो वाढण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी. थोड्या काळाची चढण, मग मोठी उतरण. यातून इन्सुलिन टाळायचं असा अर्थ निघत नाही. सुरू करण्याआधी डोळे तपासायचे, शुगर फार जास्त असेल तर ती टप्प्याटप्प्यानं उतरवायची आणि तीन महिन्यांनी डोळे पुन्हा दाखवायचे, असा निघतो. बाबांची तपासणी नुकतीच झाली आहे, म्हणजे पहिली पायरी पार पडली. इन्सुलिन सुरू केलंत तर पुढची तपासणी सहा महिन्यांऐवजी आधी करावी का, एवढं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

हेच आठवड्याला एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनलाही लागू आहे. वजन उतरवण्यासाठी त्याचा सध्या फार बोलबाला आहे. २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना पडद्याचा गंभीर त्रास झाला, न घेणाऱ्यांपैकी १.८ टक्क्यांना, शुगर वेगानं उतरणं हे त्यामागचं कारण असावं असं मानलं जातं. बाबांच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन असेल तर तेही दाखवा. ते शरीरात पाणी धरून ठेवतं, आणि मॅक्युलाला सूज असेल तर ते बदलायचं का हे ठरवावं लागतं. ॲस्पिरिन मात्र हृदयासाठी चालू असेल तर डोळ्यात रक्त येईल या भीतीनं बंद करू नका. १९८० च्या दशकात अमेरिकेत ३,७११ जणांवर तपासून पाहिलं आहे : ॲस्पिरिननं पडद्याचा आजार सुधारला नाही आणि डोळ्यातला रक्तस्रावही वाढला नाही.

डोळ्यांच्या नावानं आणखी बऱ्याच गोळ्या विकल्या जातात. कॅल्शियम डोबेसिलेट ही त्यातली नेहमी लिहून मिळणारी. रक्तवाहिन्या पाझरायच्या थांबतात, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. अकरा देशांतल्या ६३५ रुग्णांवर पाच वर्षं ती तपासली गेली. निकाल २००९ मध्ये आला : मॅक्युलाची सूज टळली नाही. ल्युटीनच्या महागड्या कॅप्सूलांचंही मधुमेहाच्या पडद्यासाठी भरवशाचं काही सिद्ध झालेलं नाही. महिन्याच्या मर्यादित पैशांतून यावर खर्च होत असेल, तर तो ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर करा. आणि मध असो, झाडपाल्याचा रस असो, डोळ्यात काही घालू नका. मेळघाटचा मध उत्तम आहे आणि भूमकाबद्दल, म्हणजे तुमच्याकडच्या पारंपरिक वैद्याबद्दल, मला अनादर नाही. पण बिघाड डोळ्याच्या पार मागच्या भिंतीवर आहे, वरून घातलेला थेंब तिथवर पोचत नाही. बुबुळाला मात्र जखम होऊ शकते.

आता एक गोष्ट अशी सांगतो, जी आज लागू नाही, पण उद्या लागू झाली तर ऐन वेळी सुचणार नाही. समजा दोन-तीन वर्षांनी नव्या वाहिन्या फुटल्याच. तेव्हा डॉक्टर दोन मार्ग सांगतील. एक लेसर, १९७६ पासून सिद्ध झालेला, नजर जाण्याचा मोठा धोका निम्म्याहून खाली आणणारा. दुसरा, डोळ्यात द्यायचं व्हीईजीएफविरोधी इंजेक्शन : बेवासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही त्यांची नावं. मॅक्युलाला सूज असेल तर इंजेक्शनच चांगलं. पण नुसत्या नव्या वाहिन्यांसाठी इंजेक्शन ठरलं, तर ते पुन्हा पुन्हा, वेळच्या वेळी घ्यावं लागतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामध्ये डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी तपासल्या, जे उपचारांच्या मधेच सहा महिन्यांहून जास्त काळ गैरहजर राहिले होते. २०१९ मध्ये छापून आलेला अभ्यास छोटा आहे, ५९ रुग्णांचा. पण त्यातला फरक मन हलवणारा आहे. लेसर झालेल्यांचे डोळे त्या गैरहजेरीतही बऱ्यापैकी टिकले. फक्त इंजेक्शनं घेतलेल्यांचे खालावले. कितीतरी जणांचा पडदा ओढला जाऊन सुटला. तारीख चुकवणारे हे लोक बेफिकीर होते असं नाही. आजारपण, पैसा, अंतर ही कारणं सगळीकडे सारखी असतात. म्हणून ती वेळ आली तर डॉक्टरांना आपण कुठून येतो, पावसात काय होतं, बरोबर कोण येऊ शकतं, हे स्पष्ट सांगा. ‘जे एकदा करून टिकेल ते करा’ असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तपासणीसाठी दर वेळी अमरावतीच गाठायला हवी असं नाही. धारणी तालुक्यात उतावलीला ‘महान’ ट्रस्टचं रुग्णालय आहे. डॉ. आशिष सातव आणि नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव हे दांपत्य गेली पंचवीसहून अधिक वर्षं मेळघाटात तिथून काम करत आहे. परतवाडा-अचलपूरची शिबिरं आहेतच. कुठेही जाण्याआधी फोन करून एकच विचारा : ‘थेंब टाकून मागचा पडदा तपासता का?’ चष्म्याचा नंबर काढणं किंवा मोतीबिंदू पाहणं म्हणजे ही तपासणी नव्हे.

खरं तर घाट रुग्णानं उतरण्याऐवजी कॅमेऱ्यानं चढायला हवा. ते आता अशक्य राहिलेलं नाही. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांमध्ये मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्यानं पडद्याचे फोटो काढून, इंटरनेटशिवाय, फोनमधल्याच कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ते जागेवर तपासून घेतले गेले. लक्ष द्यावं असे रुग्ण तिनं बरोबर निवडले, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. नेटवर्क नसतानाही चालणारी वस्तू मेळघाटाइतकी दुसरीकडे कुठे हवी असेल? भारतात २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. चाळिशीपुढच्या मधुमेह्यांत साधारण दर आठांतल्या एकाच्या पडद्यावर परिणाम आढळला आहे. चिखलदरा, चुर्णी, धारणीच्या सरकारी रुग्णालयांत असा एकेक कॅमेरा आला, तर तुमच्या बाबांसारख्या कितीतरी जणांना घाट फक्त उपचारासाठी उतरावा लागेल. तुमच्या ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ही मागणी मांडा. पत्र लिहायला मदत हवी असेल तर मला कळवा, मी करीन.

आणि पुढच्या तपासणीच्या दिवसाबद्दल. बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यांना सहन होत नाही. बाबांना मोटारसायकल घेऊन एकटे पाठवू नका. सकाळच्या एसटीनं तुम्ही बरोबर जा, काळा चष्मा किंवा रुंद काठाची टोपी ठेवा, आणि दुपारी परतताना त्यांना खिडकीपासून आतल्या बाजूला बसवा.